म्हशीचं पुढं काय झालं?

कादंबरी लिहायला घेतलेल्यांनी आपल्या अडचणी कळवा असं मागच्या अंकात म्हटलं होतं. पत्रं आली, व्हॉट्सॲपवर मेसेज आले, एकानं तर अख्खी वहीच पाठवली. सगळ्यांना इथं उत्तर देणं जमणार नाही, म्हणून पाच निवडलेत. नावं मुद्दाम घातलेली नाहीत, गाव तेवढं ठेवलंय.

प्रश्न (खानापूर तालुका): सर नमस्कार. मी मराठी शाळेत शिक्षक आहे. चार वर्षं झाली सीमाभागावर कादंबरी लिहितोय, तीन पिढ्यांची. 1946 चं बेळगावचं साहित्य संमेलन आणि तिथला संयुक्त महाराष्ट्राचा ठराव, 1956 ची राज्यपुनर्रचना, सीमावादासाठी नेमलेला महाजन आयोग, 1986 चं कन्नडसक्तीविरोधी आंदोलन, 2004 पासूनची सुप्रीम कोर्टातली केस, सगळं आलंय. 140 पानं झाली आणि गाडी अडकली. मित्रांना वाचायला दिलं तर माहिती छान आहे म्हणतात, पण पुढची पानं कुणी मागत नाही. काय चुकतंय?

उत्तर: मास्तर, पुढची पानं कुणी मागत नाही हे तुम्ही स्वतःच लिहिलंत, दुखणं तिथंच आहे. माहिती छान आहे असं मित्र म्हणाले म्हणजे समजायचं की वाचणाऱ्याचा जीव कुठं गुंतला नाही. हे मी इतक्या खात्रीनं सांगतोय कारण माझ्या पहिल्या कादंबरीत मी अगदी हेच केलं होतं. गावाचा सगळा इतिहास, देवळाचा जीर्णोद्धार, दुष्काळ, भाऊबंदकी, रेल्वे कधी आली, काही म्हणजे काही सोडलं नव्हतं. माझी आत्या तेव्हा आमच्याकडंच होती. संध्याकाळी सुपात तांदूळ निवडत बसायची आणि मी तिला वाचून दाखवायचो. अकरा संध्याकाळी वाचलं. मध्ये एक शब्द बोलली नाही ती, मला वाटायचं रंगून ऐकतेय. शेवटचं पान संपलं तसं तिनं सूप बाजूला ठेवलं आणि विचारलं, "ते सगळं खरं रे बाळ, त्या बाईनं म्हस विकली काय नाही शेवटी? मी कवाधरनं वाट बघूलालो."

म्हैस दुसऱ्या प्रकरणात होती. एका विधवा बाईला पोराच्या फीसाठी म्हैस विकायची असते, दलाल येतो, दात बघतो, पैसे मोजून पुढं करतो, ती दोर त्याच्या हातात देते आणि तेवढ्यात परत ओढून घेते, म्हणते उद्या या. एवढं लिहून मी गावाच्या इतिहासाकडं वळलो होतो ते परत तिकडं फिरकलोच नाही. आणि इकडं आत्या अकरा दिवस दोर हातात धरून बसलेली! तीनशे पानांतलं तिच्या लक्षात काय राहिलं, तर ते अर्धवट सोडलेलं.

किराणा दुकानातली उधारीची वही तुम्ही बघितली असणार. गिऱ्हाईक परत येतं ते खात्यावर काहीतरी बाकी असतं म्हणून. कादंबरीचंही तसंच. पान उलटावंसं वाटतं ते काहीतरी बाकी आहे म्हणून, आणि ही बाकी इतिहासाची नसते, एका माणसाची असते. त्याला काहीतरी पाहिजे, ते मिळत नाही, आणि मिळवायचं तर दुसरं काहीतरी सोडावं लागणार. लांब लिखाणाचा जीव यात आहे असं मला वाटतं. भाषा, वर्णन, विचार हे सगळं नंतरचं.

आता तुमच्याच 140 पानांतलं बघू. तिसऱ्या प्रकरणात तुम्ही आजोबांबद्दल फक्त चार ओळी लिहिल्यात, की त्यांना शेताचा उतारा वाचता यायचा नाही कारण तो कन्नडमध्ये होता, म्हणून ते शेजारच्या पोराकडून वाचून घ्यायचे. आणि लगेच महाजन आयोगाच्या रिपोर्टवर गेलात, त्याला नऊ पानं. मास्तर, तुमची कादंबरी त्या चार ओळींत आहे हो! जरा थांबा तिथं. आजोबा उतारा घडी घालून बंडीच्या खिशात ठेवतात, घामानं ओला होऊ नये म्हणून वर प्लॅस्टिकची पिशवी. शेजारचं पोरगं कन्नड शाळेत सहावीत. ते ओसरीवर बसून एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचतंय, सर्व्हे नंबर वाचला, एकर-गुंठे वाचले, मग मालकाच्या रकान्यात धाकट्या भावाचं नाव वाचलं आणि थांबलं. आजोबा म्हणतात पुढं वाच. पोरगं म्हणतं, पुढं काय नाही आजोबा. ते म्हणतात नीट बघ. पोरगं परत बघतं. कागद उलटा करून मागची बाजू पण बघतं बिचारं.

आता या माणसाला काहीतरी पाहिजे झालं, त्याला त्या कागदावर आपलं नाव पाहिजे. मग कुणाकडं जायचं? ज्या भावाशी पंधरा वर्षं बोलणं नाही त्याच्याकडं. भाऊ म्हणतो सही देतो की, खरं विहिरीतला वाटा सोड. विहीर सोडली तर मुलाचा ऊस वाळणार, नाही सोडली तर नाव नाही. तो जे काही ठरवील ते परत फिरवता येणार नाही, आणि त्यातनं दुसऱ्या पिढीचं भांडण जन्माला येतं. तीन पिढ्यांना जोडायला आता तुम्हाला तारखा लागत नाहीत, विहीर पुरे.

मग 1956 आणि 1986 चं काय करायचं? टाकून देऊ नका, जागा बदला. इतिहास भाषणासारखा न येता त्या माणसाच्या आडवा येऊ दे. मोठ्या मिनतवारीनं भाऊ तालुक्याला यायला कबूल झाला, आणि नेमकं त्याच दिवशी आंदोलन पेटलं, बस बंद, कचेरी बंद, दोघं भाऊ स्टँडवर एका बाकड्यावर बसून आहेत, बोलायला तर काही नाही. दुसऱ्या दिवशी भावाचा विचार फिरला. आता ते आंदोलन वाचणारा जन्मात विसरणार नाही, कारण त्यात आजोबांची सही बुडाली. आपल्याकडं सगळ्यांनी हे असंच भोगलंय ना? आयोग आला गेला, घरात कळलं ते फॉर्मवरनं, शाळेच्या दाखल्यावरनं, बसच्या पाटीवरनं.

एक काम करा. ती 140 पानं घ्या आणि प्रत्येक पानाच्या कडेला पेन्सिलीनं लिहा की या पानावर कुणाला काय पाहिजे. जिथं काहीच लिहिता येणार नाही ती पानं दुसऱ्या वहीत ठेवा. फाडू नका, चार वर्षांची मेहनत आहे ती आणि पुढं लागेल. माझ्या अंदाजानं 140 मधली चाळीस राहतील. वाईट वाटेल, मलाही वाटलं होतं, खरं ती चाळीस चालायला लागतील.

प्रश्न (वडगाव, बेळगाव): आमच्या घरी पूर्वी माग होते, आता नाहीत. माझ्या कादंबरीतली बाई मागावर काम करणारी आहे, ती आमच्यासारखंच बोलते, मी जातो, मी आलो, मी सांगितलो. पुण्यातल्या नणंदबाईंनी वाचून लाल पेननं सगळीकडं जाते, आले, सांगितलं करून दिलंय, म्हणाल्या लोक हसतील. कन्नड वाक्यंही काढायला सांगितली. मी काय करू? फार मन लावून लिहिलंय.

उत्तर: ताई, लाल पेन बाजूला ठेवा. नणंदबाईंनी प्रेमानं केलंय यात शंका नाही, पण तुमची बाई ‘मी जाते’ म्हणाली की ती वडगावची राहिली नाही. आपल्याकडच्या बायका जातो-येतो म्हणतात ही काही चूक नाही, ती इथली बोली आहे. शेजारच्या कन्नडमध्ये पण बघा, ‘नानु होगतेनि’, म्हणजे मी जातो, हे बाई म्हणाली काय आणि गडी म्हणाला काय, क्रियापद एकच. शेकडो वर्षं एका गल्लीत दोन भाषा नांदल्या की असंच होणार, आणि ते कागदावर आणायला तुमच्यासारखी माणसं फार थोडी आहेत.

फक्त एक सांगतो. बोली लिहायची म्हणजे प्रत्येक आवाज जसाच्या तसा उतरवायचा असं नाही. दोनअडीचशे पानं सगळे शब्द मोडून लिहिले तर नागपूरचा वाचणारा दमतो आणि बेळगावचाही दमतो. चारपाच खुणा धरा आणि त्या शेवटपर्यंत सोडू नका. बाईचं ‘मी जातो’, ‘काय करूलालास’ मधलं ते ‘लाल’, वाक्याच्या शेवटचा ‘की’, आणि ‘पण’च्या जागी ‘खरं’. एवढ्यावर अख्खी गल्ली ऐकू येते. बाकीचं निवेदन साध्या मराठीत ठेवलंत तरी चालतं.

आणि या बोलीतच तुमच्या हाताशी एक मोठा प्रसंग पडून आहे, मला वाचताना राहवलं नाही म्हणून सांगतो. तुमच्या कादंबरीतली मोठी मुलगी पुण्यात नोकरीला आहे ना, तिला तिथं जाते-येते बोलायला शिकावं लागलं असणार, सुरुवातीला ऑफिसात कुणी हसलंही असेल. घरी आली की ती आईशी पण तसंच बोलते, आणि आईला ते टोचतं, बोलत नाही ती काही, पण टोचतं. मग एक दिवस आईची तब्येत बिघडते, रात्री दवाखान्यात बसलेल्या असतात आणि मुलगी तोंडातनं पटकन बोलून जाते, "आई, मी हितंच बसतो, तू झोप." बास. त्यापुढं एक ओळ लिहू नका. आईला कळलं, वाचणाऱ्याला कळलं. आता सांगा, लाल पेननं हे दुरुस्त करायचं?

कन्नड वाक्यं ठेवा, खाली अर्थ देत बसू नका, कृती जोडा. शेठ खुर्ची पुढं सरकवत ‘बर्री, कुंदर्री’ म्हणाला तर ज्याला अक्षर कन्नड येत नाही त्यालाही कळतं. जेवणाचं ताट झाकता झाकता शेजारीण ‘ऊटा आतेन्री?’ म्हणाली की झालं. जिथं कृती जोडता येत नाही आणि वाक्य लांब आहे, तिथं मात्र मराठीतच लिहा आणि तो कन्नडमध्ये म्हणाला एवढं सांगा.

हो, आणि मागाचं जे लिहिलंय ते आणखी लिहा. धोट्याच्या खटक्यावर बायका एकमेकींच्या ओठांकडं बघून बोलतात, माग बंद पडला की सगळ्यांना आपलाच आवाज मोठा वाटतो, हे वाचून मी पान खाली ठेवलं आणि थोडा वेळ तसाच बसलो.

प्रश्न (उद्यमबाग परिसर, बेळगाव): फौंड्रीत काम करतो. शिफ्ट बदलत असते. रोज लिहायला पाहिजे म्हणतात ते कसं जमवायचं? आणि लिहिलेलं दुसऱ्या दिवशी वाचलं की भिकार वाटतं.

उत्तर: दादा, वेळ बांधू नका, शब्द बांधा. 300 शब्द, शिफ्ट कुठलीही असू दे. आठवड्यातनं पाच दिवस धरले तर 40 आठवड्यांत 60,000 शब्द होतात, म्हणजे छापील सव्वादोनशे-अडीचशे पानांची कादंबरी. बसमध्ये फोनवर बोलून टाईप करा, आता मराठी बऱ्यापैकी उतरतं, चुका नंतर काढता येतात.

आणि भिकार वाटतं म्हणालात तर तुमच्याच कामातलं बघा ना, साचा फोडल्या फोडल्या कास्टिंग कसं दिसतं? वाळू चिकटलेली, कडा आलेल्या. ते तसंच गिऱ्हाइकाकडं जात नाही, फेटलिंगला, म्हणजे घासून साफ करायला जातं. आणि धातू ओतत असताना मध्येच थांबून कुणी घासायला बसत नाही. पुरं ओतून होईपर्यंत मागचं वाचू नका.

प्रश्न (निपाणी): आईनं आयुष्यभर विड्या वळल्या, मावशी तंबाखूच्या वखारीत होती. मला या धंद्याची बारीकसारीक माहिती आहे, 1981 च्या तंबाखू आंदोलनात आमच्या घरातले हायवेवर बसले होते. पण एवढी माहिती घातली तर कादंबरी लेख होईल अशी भीती वाटते. किती घालायची?

उत्तर: किती घालायची यापेक्षा कुठं घालायची ते बघा. माहिती जड होते ती कुणालाही नको असताना आली की. तुम्ही पाठवलेल्या पहिल्या पानात विडी कशी करतात ते ओळीनं सांगितलंय, पानं भिजवायची, पत्र्याच्या मापानं कापायची, तंबाखू भरायचा, वळायची, दोरा बांधायचा. सगळं बरोबर आहे आणि तरी वाचताना डोळे पुढं पळतात.

आता हेच असं करून बघा. मजुरी हजारावर मिळते, हे वाचणाऱ्याला सांगू नका, आईला रात्री मोजताना दाखवा. उद्या पोरीच्या सहलीचे पैसे भरायचा शेवटचा दिवस, हजाराला साठ कमी आहेत आणि कापलेली पानं संपलीत. उरलेल्या कातरणातली त्यातल्या त्यात मोठी निवडून ती साठ विड्या वळते. त्या बारीक होतात, तिलाही माहीत आहे. सकाळी तपासणारा मूठभर उचलतो, दोन बोटांत दाबून बघतो, बाजूला टाकतो. परत मूठ घालतो. आई त्याच्या हाताकडं बघत नाही, त्याच्यामागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघते. आता वाचणाऱ्याला पानाचं माप, दोरा, बारीक विडी, मजुरीचा हिशोब, सगळं कळलं आणि एकदाही आपण शिकतोय असं वाटलं नाही, कारण त्याचा जीव साठ विड्यांत अडकला होता.

वखारीचं सांगायचं तर वास आणि खोकला हे दोनच धरा. तंबाखूची धूळ केसांत बसते, न्हाल्यावर पाणी पिवळं येतं, वखारीतनं आलेल्या बाईजवळ तान्हं पोर शिंकतं. मावशीनं हे सांगितलं असेलच, तिला परत विचारा, आणि ती बोलत असताना लिहून घेऊ नका, फक्त ऐका, घरी आल्यावर जे आठवेल तेवढंच लिहा. त्यातलं कामाचं आपोआप वर येतं.

आंदोलनाबद्दल, तुम्ही हायवेवरची हजारो माणसं दाखवायला निघालात. हजार माणसं कागदावर मावत नाहीत. तुमच्या घरातनं कोण गेलं होतं? भाकरी कुणी बांधून दिली, किती दिवसांची? ती भाकरी बांधणारी विड्या वळणारी असेल आणि बसणारा तंबाखू पिकवणारा, तर एकाच घरात दोन हिशोब आले. एकाला तंबाखूचा दर वाढायला पाहिजे, आणि दुसरीच्या मनात भीती की दर वाढला तर कारखानदार विडीची मजुरी वाढवायला आणखी टाळाटाळ करील. ती भीती खरी ठरली का खोटी हे तुम्हाला ठरवायची गरज नाही, ती तिला वाटली एवढं पुरे. ती काही न बोलता भाकरी बांधते. त्या गाठोड्यावर एक अख्खं प्रकरण उभं राहील, निवांत लिहा, घाई करू नका.

प्रश्न (कडोली): माझी कादंबरी लिहून झाली. आमच्या गावात दरवर्षी मराठी साहित्य संमेलन भरतं, लेखक येतात, त्यातल्या कुणाला वाचायला द्यावी असा विचार आहे. पण गावातल्या माणसांवरनं पात्रं घेतलीत, चुलत्यांनी स्वतःला ओळखलं तर घरात राहणं मुश्कील होईल. काय करावं?

उत्तर: चुलत्यांचं आधी. नाव बदलून काही होत नाही, गाव लगेच ओळखतं. धंदा बदला, शरीर बदला, घरातली जागा बदला. उसाची शेती करणारा उंच चुलता असेल तर सायकल दुरुस्त करणारा बुटका मामा करा. गंमत म्हणजे असं केलं की तो माणूस तुम्हाला नव्यानं दिसायला लागतो, चुलत्यांवरचा जुना राग गळून पडतो आणि पात्राच्या बाजूनं पण बोलता येतं. जोपर्यंत राग आहे तोपर्यंत तो माणूस पुस्तकात एकाच रंगाचा राहतो, आणि असं पात्र अडीचशे पानं टिकत नाही. एक प्रश्न स्वतःला विचारा, तुमच्या कादंबरीत चुलते एकदा तरी बरोबर आहेत का? नसतील तर अजून लिहून झालेली नाही असं समजा.

आता कुणाला दाखवायची ते. संमेलनाला आलेल्या लेखकांना जरूर भेटा, आपल्या भागात कडोली, उचगाव, येळ्ळूर अशी गावोगावी संमेलनं भरतात हे फार मोठं भाग्य आहे, पण पाहुण्याच्या हातात स्टेजजवळ साडेतीनशे पानांचा गठ्ठा देऊ नका. पत्ता घ्या, विचारून पहिली तीस पानं पाठवा.

आणि त्याआधी घरात किंवा गल्लीत असं माणूस शोधा ज्याला साहित्याचं काही पडलेलं नाही पण गोष्ट ऐकायला आवडते. त्यांना मोठ्यानं वाचून दाखवा, रोज थोडं थोडं. त्यांचं मत विचारू नका, छान आहे म्हणतील आणि तुम्ही फसाल. पेन्सिल हातात ठेवा. ऐकता ऐकता ते फोन बघायला लागले, चहा ठेवायला उठले, पोराला हाक मारली, की त्या ओळीशी एक बारीक खूण करा. आणि सगळं संपल्यावर गप्प बसा, पाच मिनिटं तरी. ते जे पहिलं विचारतील ते लिहून घ्या.